नोकरी फक्त पगारापुरती असते का?

मूळ धागा, दांडिया बाजार, बडोदा

परवा भाचा जेवायला आला होता. चांगल्या कंपनीत आहे, पगारही उत्तम. बोलता बोलता म्हणाला, "मावशी, नोकरी म्हणजे घराचा हप्ता भरायचं साधन. जगायचं ते संध्याकाळी सहानंतर." मला हे अजिबात पटलं नाही. जागेपणीचा सगळ्यात मोठा वेळ नोकरीत जातो. तोच जगण्यातून वजा केला तर उरतं किती?

मी पाणी तपासते. सकाळी पाणी सुटायच्या वेळी वस्तीत जायचं, लाइनीवरच्या अगदी शेवटच्या घराचा नळ गाठायचा. थोडं पाणी वाहू द्यायचं, मग क्लोरोस्कोपच्या नळीत घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम तरी हवं. शेवटचंच घर अशासाठी, की क्लोरीन वाटेत खर्ची पडत जातं. टाकीजवळच्या घरी भरपूर, टोकाला कमी. आणि कुठे फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत आलं, तर ते उरलंसुरलं क्लोरीनही खाऊन टाकतं. म्हणून रंग न येणं हीच पहिली खबर.

एका पावसाळ्यात ओळीने तीन घरी नळी पांढरीच राहिली. लगेच कळवलं, लाइन बंद झाली, खोदलं, तर जोड गटाराला लागूनच गळत होता. त्या गल्लीत पोरं आजारी पडली नाहीत. मी कोण, हेही तिथे कुणाला ठाऊक नाही. पण त्या रात्री मला जी झोप लागली ती पगाराच्या दिवशीही लागत नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात बांधलेल्या आजवा तलावाचं पाणी शहराचा पूर्व भाग अजून पितो, बाकीच्या बहुतेकांना मही नदीच्या पात्रातल्या फ्रेंच वेलमधून, म्हणजे मोठ्या विहिरींमधून येतं. एवढ्या लांबून आलेल्या पाण्याच्या शेवटच्या टोकाला मी उभी असते. हे सहानंतरचं जगणं नव्हे, सकाळी सहाचं आहे. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद, मकरपुरा

ताई, तुमचं काम मोठं आहे, पण तुम्ही कायम नोकरीत असाव्यात. मी ठेकेदाराकडून औषधांच्या पॅकिंगवर आहे. बारा तास उभी असते. कायद्याने ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे, हातात साधाच पडतो. विचारलं की सुपरवायझर म्हणतो, "पेशंटची सेवा समजून करा." गोळी कुणाच्या तरी पोटात जाणार हे मला कुणी शिकवायला नको, फाटकी पट्टी मी आजवर पुढे जाऊ दिलेली नाही. पण 'सेवा' हा शब्द मी पैसे मागितल्यावरच ऐकू येतो. म्हणून तुमच्या भाच्याचं मला पटतं. माझे तास मोजा, पैसे द्या, माझ्या मनाचं मी बघेन.

प्रतिसाद, रावपुरा

३४ वर्षं बँकेच्या काउंटरवर होतो. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर यायचे. एखादे आजोबा दिसले नाहीत की जीव खालीवर व्हायचा. काम कुठलंही असो, समाधान शेवटी आपल्या मनात असतं. ते असेल तर ठेकेदारही काही बिघडवू शकत नाही.

प्रतिसाद, फतेहगंज

काका, आदर राखून सांगतो, हे मान्य नाही. आपल्याच शहरातलं उदाहरण घ्या. डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेत शिकायला गेले आणि करारानुसार १९१७ च्या सप्टेंबरात इथे लष्करी सचिवाच्या कामावर आले. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत, तिथे त्यांना पिण्याचं पाणी मिळत नव्हतं. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावं लागलं, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. थोड्याच दिवसांत त्यांनी बडोदा सोडलं. त्यांच्या मनात काही कमी होतं का? काम करणाऱ्याला माणूस म्हणून वागवलंच नाही, तर त्याने समाधान आणायचं कुठून? मकरपुऱ्याच्या ताईंना 'मन मोठं ठेवा' म्हणणं म्हणजे ठेकेदाराची बाजू घेणं आहे.

धागाकर्ती

फतेहगंजच्या दादांनी पाण्याचं लिहिलं ते वाचून गलबलले. पाण्यात राबणारी मी, मला हे आधी सुचायला हवं होतं. काका, तुमचं मला अर्धंच पटतं. पेन्शनरची काळजी खरी होती, पण तुमचा पगार पहिल्या तारखेला होत होता, माझाही होतो. त्या भरवशावर आपण समाधानाचं बोलतो.

तरी भाच्याशी माझं जमत नाही. मकरपुऱ्याच्या ताई, फाटकी पट्टी बाजूला काढता तेव्हा तुम्ही तास मोजत नसता. ते तुमचं आहे, ते सुपरवायझरच्या तोंडी जाऊ देऊ नका. आणि दुप्पट दर लेखी मागा. ओव्हरटाइमचा काही पुरावा आहे का तुमच्याकडे?

मकरपुरा

आहे. चार महिन्यांच्या चिठ्ठ्या डब्यात ठेवल्यात, तारखेसकट. अर्ज कसा लिहायचा ते मात्र कळत नाही. माझ्याबरोबर आणखी सहा जणी आहेत, त्याही सही करतील म्हणतात.

रावपुरा

अर्ज मी लिहून देतो, बेटा. रविवारी सगळ्या चिठ्ठ्या घेऊन या.