पाच रन आणि स्ट्राइकवर रशीद

२०१९ च्या क्रिकेट वर्ल्डकपची फायनल इंग्लंडने न्यूझीलंडविरुद्ध 'नियमाप्रमाणेच' जिंकली असं काही जण म्हणतात, तिथेच तर गोची आहे ना राव. शेवटच्या ओव्हरचा चौथा बॉल आठवा, इंग्लंडला ३ बॉलमध्ये ९ हवे होते, न्यूझीलंडच्या गप्टिलचा थ्रो आला, इंग्लंडच्या स्टोक्सने दुसऱ्या रनसाठी डाइव्ह मारली आणि बॉल त्याच्या बॅटला लागून थेट सीमेपार. अंपायरनी ६ दिले, पळून काढलेले २ आणि ओव्हरथ्रोचे ४. पण नियम १९.८ म्हणतो की थ्रो सुटला त्या क्षणी बॅट्समन क्रॉस झालेले असतील तरच तो अर्धवट रन धरायचा, आणि रीप्लेत दिसतं की स्टोक्स आणि त्याचा जोडीदार रशीद दुसऱ्या रनला क्रॉस झालेच नव्हते. म्हणजे ५ रन, आणि खरी मेख म्हणजे स्टोक्स नॉनस्ट्रायकरला, रशीद स्ट्राइकवर, २ बॉलमध्ये ४ हवेत. माजी अंपायर टॉफेलनेही ही चूक म्हटलीये, त्या मॅचचा अंपायर धर्मसेनाने नंतर मान्यही केलं.

तरी न्यूझीलंड जिंकलंच असतं असं मी म्हणणार नाही, रशीदने एक काढून दिला असता तर? न्यूझीलंडच्या बोल्टने आदल्या ओव्हरमध्ये स्टोक्सचा कॅच घेऊन दोरीवर पाय दिला ती काही अंपायरची चूक नव्हती. (न्यूझीलंडच्या टेलरला चुकीचा दिलेला एलबीडब्ल्यू मात्र अजून डोक्यात जातो, रिव्ह्यू गप्टिलने आधीच घालवलेला.)

बाउंड्री काउंटचं म्हणाल तर मॅच आणि सुपर ओव्हर दोन्ही टाय झाल्यावर जास्त चौकार-षटकार मारणाऱ्याला, इथे २६-१७ वर, कप द्यायचा हा नियम आधीपासून लिहिलेलाच होता, त्यामुळे तक्रारीला जागा नाही, पण भंगार नियम होता एवढं नक्की. आयसीसीने त्याच ऑक्टोबरमध्ये तो काढून टाकला.