क्रूझवरील फॉर्मल नाइट: सूट आणि गाऊन न्यावेत, की त्या संध्याकाळी बुफे गाठावा?

सायंतारा

आम्ही कुटुंबातील सहा जण सात रात्रींच्या क्रूझवर निघणार आहोत. आरक्षणानंतर आलेल्या माहितीपत्रकानुसार त्यांपैकी दोन संध्याकाळी फॉर्मल नाइट आहे. त्या दिवशी मुख्य डायनिंग हॉलमध्ये जेवायला येताना पुरुषांनी गडद सूट किंवा निदान जॅकेट घालावे आणि स्त्रियांनी गाऊन किंवा त्या तोलाचा पोशाख करावा, अशी अपेक्षा व्यक्त केलेली आहे. यावरून घरात सरळ दोन तट पडले आहेत. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, सुट्टीतही गळ्यात टाय अडकवून बसायचे असेल तर कार्यालय काय वाईट होते. वडिलांना मात्र या दोन संध्याकाळींचेच सर्वांत अधिक आकर्षण आहे.

माझे स्वतःचे मत वडिलांच्या बाजूचे आहे. बहुतेक जहाजांवर हा संकेत केवळ मुख्य डायनिंग हॉल आणि एखाद-दुसऱ्या रेस्टॉरंटपुरता असतो. बुफे त्या रात्रीही उघडा असतो आणि जेवण केबिनमध्येही मागवता येते. ज्या दालनाची अपेक्षा आपल्याला आधीच कळवलेली आहे, तेथे जायचे असेल तर ती पाळावी आणि पाळायची नसेल तर दुसरीकडे जेवावे, यात मला जाच दिसत नाही. ज्यांनी असा प्रवास केला आहे त्यांचे म्हणणे जाणून घ्यायला आवडेल, विशेषतः माझ्याशी सहमत नसलेल्यांचे.

हलकीबॅग

तुमच्या भावाच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवे, म्हणून लिहितो.

दोन संध्याकाळींसाठी एका पुरुषाला सूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, टाय, चामडी बूट आणि पट्टा एवढे सगळे न्यावे लागते. क्रूझ कंपनी सामानाच्या वजनाबद्दल फारशी कुरकुर करत नाही हे खरे, पण बंदरापर्यंत विमानाने जाणाऱ्याला वीस-तेवीस किलोंची मर्यादा असते आणि तीत निम्मी जागा अशा कपड्यांनी अडवायची जे एकूण पाच-सहा तासच अंगावर राहणार आहेत. केबिनमधले कपाट अरुंद असते, हँगर मोजके असतात. घडी घालून नेलेला सूट बाहेर काढला की त्याला चुण्या पडलेल्या असतात आणि आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर प्रवाशांना स्वतःची इस्त्री आणू दिली जात नाही; चढताना सामानाच्या तपासणीतच ती काढून घेतात. मग कपडे इस्त्रीला द्यायचे आणि त्याचे वेगळे पैसे मोजायचे.

हे सारे कोणासाठी, याचेही उत्तर त्या संध्याकाळी मुख्य जिन्याच्या आसपास फिरले की मिळते. छायाचित्रकारांचे पडदे आणि दिवे नेमके त्याच रात्री सर्वाधिक संख्येने उभे असतात आणि ती छायाचित्रे विकत घ्यावी लागतात. परंपरेचा एवढा कळवळा कंपन्यांना असता तर त्यांनी स्वतःच ती सैल केली नसती. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने 2000 साली ‘फ्रीस्टाइल क्रूझिंग’, म्हणजे जेवणाची वेळ आणि टेबल आधी ठरवून न देण्याची पद्धत, आणले आणि फॉर्मल पोशाखाची सक्ती सोडून दिली. सेलिब्रिटीने 2015 साली फॉर्मल नाइटऐवजी ‘इव्हनिंग शिक’ ही बरीच ढिली कल्पना स्वीकारली. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर फॉर्मल नाइट नसतेच. त्या जहाजांवरचे प्रवासी रानटी झाल्याचे अजून तरी कानावर आलेले नाही.

काटेकोर

वरील प्रतिसादातील माहिती बरोबर आहे, पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मला नेमका उलटा वाटतो. फॉर्मल नाइट नसलेल्या इतक्या कंपन्या उपलब्ध असताना एखाद्याने ती असलेल्या जहाजाचेच तिकीट काढले, तर त्याच्यावर सक्ती झाली असे म्हणता येणार नाही. पर्याय नसता तर तक्रारीला अर्थ होता.

क्यूनार्डचे उदाहरण घ्या. त्यांच्या जहाजांवर गाला संध्याकाळी, म्हणजे त्यांच्या फॉर्मल नाइटला, पुरुषांकडून डिनर जॅकेट किंवा गडद सूट आणि त्यावर टाय किंवा बो-टाय अपेक्षित असतो, आपापल्या देशाचा औपचारिक पोशाखही चालतो, आणि हा संकेत केवळ जेवणाच्या टेबलापुरता नसून सायंकाळी सहानंतर जहाजाच्या बऱ्याच भागांना लागू असतो. ज्यांना नटायचे नसेल त्यांच्यासाठी बुफे, पब अशी ठिकाणे स्पष्टपणे नेमून दिलेली आहेत. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क हे अंतर त्यांचे क्वीन मेरी 2 हे जहाज साधारणतः सात रात्रींत पार करते आणि वाटेत एकही बंदर लागत नाही. किनारा नाही, भटकंती नाही, खरेदी नाही. अशा प्रवासात संध्याकाळ हाच दिवसाचा मुख्य कार्यक्रम असतो. ती सगळ्यांनी मिळून सजवायची असते. तीनशे माणसे तयार होऊन आलेल्या दालनात दहा जण समुद्रकिनाऱ्यावरच्या कपड्यांत बसले, तर ते दहा जण इतरांनी घेतलेल्या श्रमांतून निर्माण झालेले वातावरण फुकट वापरतात आणि त्याच वेळी ते उणेही करतात.

या प्रथेला व्यवहार कळत नाही, हा आरोपही टिकणारा नाही. जुन्या प्रवासी जहाजांवर पहिल्या आणि शेवटच्या रात्री जेवणासाठी खास पोशाख करायचा नाही, असाच शिष्टाचार होता, कारण पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत. आजही फॉर्मल नाइट सहसा त्या दोन रात्रींना येत नाही: चढताना दिलेले सामान केबिनच्या दाराशी पोहोचायला कधी संध्याकाळ होते, आणि उतरण्याच्या आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात. बहुधा ती अशा दिवशी ठेवतात ज्या दिवशी जहाज बंदराला लागत नाही, म्हणजे दिवसभर फिरून दमलेल्या माणसाला घाईघाईने टाय बांधावा लागत नाही.

वल्हेवाला

तुम्ही दोघेही नियमाबद्दल असे बोलत आहात की जणू दारावर कोणी फूटपट्टी घेऊन उभे आहे. बहुतेक मोठ्या जहाजांवर कॉलरचा शर्ट आणि फुल पँट घातलेल्या माणसाला फॉर्मल नाइटलाही कोणी परत पाठवत नाही. अडवतात ते अर्धी चड्डी, स्लिपर, पोहण्याचे कपडे आणि पुरुषांचे बिनबाह्यांचे शर्ट यांना. कार्निव्हल कंपनीच्या ‘क्रूझ एलिगंट’ संध्याकाळी, म्हणजे तिच्या फॉर्मल नाइटला, तर जॅकेट ऐच्छिकच असते. दोन ते पाच दिवसांच्या प्रवासात अशी संध्याकाळ एकदा येते आणि सहा किंवा अधिक दिवस असतील तर दोनदा. त्यामुळे आधी आपल्या जहाजाच्या सूचनेत ‘आवश्यक’ म्हटले आहे की ‘सुचवले’ आहे, हे पाहावे. भांडण त्यानंतर करावे.

हलकीबॅग

वल्हेवाला यांनी माझाच मुद्दा पक्का केला. नियम कागदावर एक आणि दारावर दुसरा असेल, तर त्याचा भार फक्त सूचना प्रामाणिकपणे वाचणाऱ्यावर पडतो. तो बिचारा सूट वाहून नेतो आणि शेजारच्या टेबलावर साधा शर्ट घालून बसलेला माणूस तेच जेवण तितक्याच सन्मानाने जेवतो. एक तर नियम सगळ्यांना लावा, नाही तर काढून टाका.

काटेकोर यांच्या ‘बुफे आहे ना’ या युक्तिवादाबद्दलही दोन शब्द. मुख्य डायनिंग हॉलमधील जेवण तिकिटाच्या किमतीत धरलेले असते आणि त्याचे पैसे मीही भरलेले असतात. दोन रात्री मला तेथून उठवून ताट हातात घेऊन रांगेत उभे करायचे आणि वर याला पर्याय म्हणायचे, हे मला पटत नाही. शिवाय वेळ आणि टेबल ठरवून दिलेल्या पद्धतीत आपली माणसे खाली टेबलावर आणि आपण वर बुफेत, अशी कुटुंबाचीच फाटाफूट होते. सायंतारा, तुमच्या भावाने ‘मी येत नाही’ म्हटले तर वडिलांची संध्याकाळ कितपत रंगेल, याचा विचार केला आहे का?

काटेकोर

पैसे भरल्याने खुर्चीचा हक्क मिळतो, दालनाचे रूप ठरवण्याचा नाही. नाटकाचे तिकीट काढलेल्यालाही प्रयोग चालू असताना फोनवर बोलता येत नाही.

अंमलबजावणी ढिली आहे, हे मान्य. तो कंपनीचा दोष आहे आणि बहुधा कोणाला दारातून परत पाठवण्याच्या संकोचातून तो आलेला आहे. पण ढिलाईचा फायदा घेणे आणि ढिलाई हाच नियम मानणे यांत फरक आहे. आणखी एक गोष्ट नोंदवतो. व्हर्जिन व्हॉयेजेसने पोशाखाचा कोणताही संकेत ठेवलेला नाही, तरी तिच्या जहाजांवर ‘स्कार्लेट नाइट’ असते आणि त्या रात्री प्रवासी हौसेने लाल कपडे घालतात. याचा अर्थ असा की, एखादी संध्याकाळ इतर संध्याकाळींपेक्षा वेगळी असावी ही इच्छा कंपनीने लादलेली नाही. ती प्रवाशांमध्ये आधीच आहे.

निळीशाल

ही सगळी चर्चा सूट आणि टाय यांच्याभोवती फिरते आहे, हे लक्षात आणून द्यावेसे वाटते. पुरुषाला एक गडद सूट दोन्ही रात्री चालतो; शर्ट आणि टाय बदलला की कोणी दुसऱ्यांदा पाहतसुद्धा नाही. स्त्रीने मात्र तोच गाऊन पुन्हा घातला तर ते लक्षात येते, किंवा येईल असे तिला वाटत राहते, आणि मग दोन पोशाख, दोन पादत्राणे, त्यांना साजेशा पर्स असा पसारा वाढत जातो. ‘श्रम सगळ्यांनी घ्यावेत’ हे वाक्य लिहायला सोपे आहे. ते श्रम समान नसतात.

तरीही मी फॉर्मल नाइटच्या विरोधात नाही. माझा विरोध आहे तो त्यासाठी नवीन काही विकत घेण्याला. माझ्या अनुभवाने सांगते: एकाच गडद रंगाचा, न चुरगळणाऱ्या विणीच्या कापडाचा, घोट्याच्या जरा वर संपणारा लांब पोशाख न्यावा. पायघोळ कपडा जिन्यावर आणि बाथरूमच्या उंच उंबरठ्यावर पायात येतो, आणि जहाज हलू लागले की एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने घोळ सांभाळावा लागतो. पहिल्या रात्री त्यावर शाल घ्यावी, दुसऱ्या रात्री छोटे चमकदार जॅकेट. पाहणाऱ्याला पोशाख वेगळाच वाटतो. शाल तशीही लागतेच, कारण डायनिंग हॉलचा एसी सूट घातलेल्या पुरुषांच्या हिशेबाने लावलेला असावा अशी मला दाट शंका आहे. उंच टाचा घरी ठेवाव्यात. हलत्या डेकवर टाचेचा तोल जातो, आणि डायनिंग हॉल जहाजाच्या मागच्या टोकाला असून केबिन पुढच्या टोकाला असेल तर लांबलचक कॉरिडॉर तुडवावा लागतो तो वेगळाच.

कपडे पोहोचल्याबरोबर बॅगेतून काढून टांगावेत. रात्रीपर्यंत बऱ्याच चुण्या आपोआप उतरतात. उरलेल्या, गरम पाण्याने अंघोळ करताना कपडा बाथरूममध्ये टांगला तर वाफेने जातात. काही जहाजांवर प्रवाशांसाठी धुलाईची खोली असते आणि तेथे इस्त्रीही असते, पण फॉर्मल नाइटच्या दुपारी तेथे जाऊ नये. सारे जहाज तेथेच असते.

वल्हेवाला

निळीशाल यांच्या प्रतिसादात पुरुषांसाठी एवढीच भर घालतो की, पूर्ण सूटऐवजी गडद ब्लेझर न्यावा आणि तो प्रवासात अंगावरच घालावा. बॅगेतली जागा वाचते, चुण्या पडत नाहीत, आणि त्याच रंगाच्या पँटवर संध्याकाळच्या मंद उजेडात तो सूटसारखाच दिसतो. बहुतेक जहाजांवर तेवढे पुरते. क्यूनार्डसारख्या ठिकाणी गाला संध्याकाळी मात्र यावर विसंबू नये.

सायंतारा

सर्व प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवले. हलकीबॅग यांचा कुटुंबाच्या फाटाफुटीचा मुद्दा मला विचार करायला लावणारा वाटला. पोशाखाच्या आग्रहापायी वडिलांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहावी, हे मला नको आहे. पण म्हणून त्यांचा निष्कर्ष मी स्वीकारलेला नाही, कारण तेथे बसणाऱ्या इतरांच्या संध्याकाळीबद्दल काटेकोर यांनी लिहिले आहे तेही मला तितकेच खरे वाटते.

सध्या असे ठरले आहे की, वडील त्यांचा सूट नेतील, भाऊ ब्लेझर अंगावर घालून निघेल, आणि मी व भावजय निळीशाल यांच्या सल्ल्याप्रमाणे प्रत्येकी एकच पोशाख घेऊ. पहिल्या फॉर्मल नाइटला सगळे एकत्र डायनिंग हॉलमध्ये जेवू. दुसऱ्या रात्रीचा निर्णय भावावर सोपवला आहे, आणि तो बुफेत गेलाच तर त्याच्याबरोबर कोणी जायचे यावरून आता नवा वाद सुरू आहे. आमच्या माहितीपत्रकात जॅकेटच्या वाक्यात ‘अपेक्षित’ असे म्हटले आहे. त्याचा नेमका अर्थ काय, हे मी कंपनीला पत्र लिहून विचारणार आहे.

हलकीबॅग

अवश्य विचारा आणि उत्तर लेखी घ्या. त्याच पत्रात हेही विचारून ठेवा, की टेबलावर बसल्यानंतर जॅकेट काढून खुर्चीच्या पाठीवर टांगलेले चालते का. तुमच्या भावाला बाकी कशाहीपेक्षा हेच उत्तर अधिक उपयोगी पडेल.