मॅटवर सात नंबर झकास, गवतावर बोंब

मातीखाऊ:
गोल्फच्या सराव रेंजवर, मॅटवरून माझा सात नंबर आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) बरा लागतो. कोर्सवर गेलं की तोच क्लब एकतर चेंडूच्या आधी जमिनीत घुसतो, नाहीतर चेंडूच्या पोटावर आदळतो आणि चेंडू गवतातून सरपटत जातो. सोबतचे म्हणतात, "डोकं वर उचलतोस." डोकं गाडून पाहिलं, फरक शून्य. समोरून काढलेल्या व्हिडिओत चेंडूला क्लब लागतो तेव्हा माझं वजन उजव्या पायावरच दिसतं (मी उजवा). हे दोन दोष की एकच?

जुनाखेळाडू:
एकच. क्लब कमानीत फिरतो आणि तुमच्या कमानीचा तळ चेंडूच्या मागे पडतोय. तिथे जमिनीला लागला की फॅट. जमीन चुकवून वर निघाला की क्लबची खालची कड चेंडूच्या पोटात, म्हणजे थिन. चेंडूचा व्यास कमीत कमी ४२.६७ मिलिमीटर, म्हणजे मध्य जमिनीपासून जेमतेम २१ मिलिमीटरवर. सगळा खेळ तेवढ्यात.

मॅट लबाड असते हो. क्लब आधी टेकला तरी घसरत पुढे जातो, चेंडू उडतो, आपण खूश.

"डोकं खाली" हा सल्ला मला कधीच पटला नाही. डोकं गाडलं की छाती वळायची थांबते, वजन मागेच राहतं. तुम्ही बहुतेक चेंडू वर उचलायला मदत करताय. नका करू. सात नंबरला ३० अंशांच्या आसपास लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा मागचा कल) असतो, उचलायचं काम त्याचं.

गवतावर रेघ ओढा, ती दोन्ही पायांच्या मधोमध येईल असे उभे राहा आणि चेंडू न ठेवता स्विंग करा. गवत रेघेच्या पुढे, लक्ष्याच्या बाजूला कापलं गेलं पाहिजे. आधी हात कमरेपर्यंतच न्या. डाऊनस्विंग (क्लब वरून खाली येणं) सुरू होतानाच डाव्या पायाखाली दाब जाणवू दे. क्लब आणि चेंडूची गाठ सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढी, तिथे पोहोचल्यावर काही दुरुस्त होत नाही.

नऊनंबरी:
थोडी असहमती. वजन डावीकडे न्या म्हटलं की नवखे अख्खं अंगच सरकवतात, डोकंसुद्धा चेंडूच्या पुढे. मग क्लबफेस, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, उघडा राहतो आणि चेंडू उजवीकडे. कंबर वळायला हवी. शिवाय चेंडूच्या मागे पुसता येणाऱ्या मार्करचा ठिपका काढा आणि तो क्लबफेसवर कुठे उमटतो ते बघा. क्लबच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, उमटत असेल तर आधी चेंडूपासून किती लांब उभे राहता ते तपासा, रेघेने ते सुधारणार नाही.

जुनाखेळाडू:
हे बरोबर, माझ्याकडून राहिलं.

मातीखाऊ:
ठिपका मधोमध आहे. अर्ध्या स्विंगला गवत रेघेपुढे कापलं जातंय, पूर्ण स्विंगला पुन्हा मागे. ड्रायव्हरलाही (सगळ्यात लांब मारायचा क्लब) हेच करायचं का?

जुनाखेळाडू:
मग पूर्ण स्विंग सध्या बंद. जोर लावायला गेलं की खांदे आधी धावतात आणि वजन मागे अडकतं. पाऊण स्विंगला रेघ सांभाळली की मगच पुढे.

ड्रायव्हरचं गणित उलटं. चेंडू टीवर (छोट्या खुंटीवर), डाव्या पायाच्या टाचेसमोर. तिथे कमानीचा तळ चेंडूच्या आधी यावा आणि क्लब वर जाताना लागावा. दोन्ही एकाच संध्याकाळी घोटू नका, आयर्न बसेपर्यंत ड्रायव्हर बॅगेतच राहू दे.