इरिडियम स्पार्क प्लग टाकले की गाडी मोकळी होते म्हणे!

टॅपेट
शेजारच्या धाग्यावर कुणीतरी लिहिलंय : "तांब्याचे प्लग फेका, इरिडियम टाका, गाडी मोकळी पळते, मायलेज लगेच वाढतं." खाली धडाधड अंगठे. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं.

एक तर तांब्याच्या प्लगमध्ये ठिणगी तांब्यावर पडतच नाही. तांबं आत गाभ्यात, उष्णता ओढून न्यायला. टोक निकेलच्या मिश्रधातूचं. आणि तुमच्या त्या इरिडियमवाल्याच्या पोटातही बहुतेक वेळा तांबंच असतं. इरिडियम वितळतं साधारण 2,446 अंश सेल्सिअसला, निकेल 1,455 ला. म्हणून ते फार झिजत नाही, म्हणून टोक 0.4 ते 0.6 मिलिमीटर इतकं बारीक करता येतं, आणि बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते. हा फायदा खरा आहे, मी नाकारत नाही. पण धडधाकट निकेल काढून इरिडियम टाकलं तर मायलेज येणार कुठून? वाढलं असेल तर जुना प्लग झिजून मेला होता म्हणून. त्या जागी नवा निकेल टाकला असता तरी वाढलंच असतं.

प्लग निवडताना आधी हीट रेंज (प्लग उष्णता किती पटकन बाहेर टाकतो ते; पटकन टाकणारा तो 'थंड', सावकाश टाकणारा 'गरम'), मग आट्यांची लांबी आणि गॅप, म्हणजे ठिणगी जिथे उडते ती फट. धातू सगळ्यात शेवटी. हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, प्लास्टिकसकट.

मोटारवेडा
ते लिहिणारा मीच. पुस्तकं आम्हीही वाचतो. मी निकेलचे नवे चार टाकले होते, आठ हजार किलोमीटरमध्ये चारही काळेकुट्ट. बोट फिरवलं तर मखमलीसारखी काजळी. सकाळी स्टार्ट केल्यावर थरथर, सिग्नलला आयडल डुलायचं. इरिडियम टाकले आणि त्या दिवसापासून आवाज नाही. आता हा अनुभव खोटा म्हणायचा का, कारण तुम्हाला वितळबिंदू पाठ आहेत?

गाळलेलं तेल
निकेल-इरिडियम नंतर भांडा. प्लग बसवतात कसे ते बघा आधी. माझ्या गाडीचे प्लग एकाने लांब दांड्याच्या पान्याने आवळले, इंजिन गरम असताना. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, म्हणजे प्लग ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग. पुढच्या वेळी काढायला गेलो तर प्लगबरोबर हेडचे आटेही बाहेर आले, चमकत्या तारेच्या गुंडाळीसारखे. तेव्हापासून टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) नसेल त्याने माझ्या बॉनेटला हात लावायचा नाही. 14 मिलिमीटरचे आटे असतील तर 25 ते 30 न्यूटन मीटर, 12 चे असतील तर 15 ते 20. संपलं.

काळी नखं
आयुष्य गेलं प्लग काढण्यात, टॉर्क पाना एकदाही लागला नाही. बोटांनी टेकेपर्यंत फिरवायचा, वॉशर नवा असेल तर पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. वॉशर चेपतो ते हाताला कळतं. ज्याच्या हाताला कळत नाही त्याने पाना विकत घ्यावा.

तुमचे आटे निव्वळ आवळल्यामुळे गेले असं मला वाटत नाही. प्लग तिरका धरून सुरुवातच पान्याने केली असणार. रबरी नळीचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या शेंडीवर चढवा आणि नळीने फिरवा. तिरका लागला तर नळी घसरते, आटे वाचतात. आणि आट्यांना चिमूटभर ग्रीस लावा, पुढच्या वेळी काढणारा दुवा देईल.

गाळलेलं तेल
ग्रीस?! प्लग बनवणारी एनजीके स्वतः सांगते की लावू नका. आट्यांवर मुलामा असतो तो त्यासाठीच. ग्रीसने घर्षण कमी होतं, मग तेवढ्याच जोरात प्लग जास्त ताणला जातो आणि मानेत तुटतो. आयुष्यभर चुकीचं केलं म्हणजे ते बरोबर होत नाही.

काळी नखं
इंजिन कधी उघडलंय का स्वतः?

गाळलेलं तेल
उघडलंय की. तुमच्यासारख्यांनी बंद केलेलं.

दोन टाक्या
ग्रीसपुराण आवरलं असेल तर मूळ विषयावर बोलते. माझी गाडी सीएनजीवर. गॅसला ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं, ते व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलवर ताण येतो. चढावर मिसिंग व्हायचं, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन अडखळायचं. "इरिडियमच टाका ताई" असं चार जणांनी सांगितलं. मी साध्या निकेलचा गॅप फीलर गेज (फट मोजायची पट्टी) लावून 1.1 वरून 0.8 मिलिमीटर केला, मिसिंग गेलं. म्हणजे टॅपेट यांचं बरोबर.

पण एक. टॅपेट, तुम्ही निकेलची बाजू घेताना सांगत नाही की निकेलचा गॅप झिजून वाढत जातो आणि मला तो परत परत बघावा लागतो. माझ्या गाडीत प्लगपर्यंत पोचायला इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा जोड) उतरवावं लागतं. दरवेळी. हे तुम्ही येऊन करणार का? आणि ज्यांना इरिडियमचा गॅप कमी-जास्त करायचाय त्यांनी मधल्या टोकावर टेकण देऊन वाकवू नये, ते बारीक टोक पटकन मोडतं.

टॅपेट
मॅनिफोल्डचा मुद्दा मान्य, कारण मला तो उतरवायचा नाहीये. :-)

मोटारवेडा, तीन आकडे द्या : मूळ प्लगची हीट रेंज, काळ्या पडलेल्या निकेलची आणि आताच्या इरिडियमची.

मोटारवेडा
मूळ 6, निकेल 6, इरिडियम 6. आकडा बघूनच घेतले होते. आणखी काही?

टॅपेट
तिन्ही एकाच कंपनीचे?

मोटारवेडा
मूळ आणि इरिडियम एनजीके. निकेल दुसऱ्याचे, त्या दिवशी तेवढेच मिळाले. पण 6 म्हणजे 6.

टॅपेट
नाही हो! एनजीकेत आकडा चढला की प्लग थंड. बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा चढला की गरम. डेन्सोची दिशा एनजीकेसारखी, पण त्यांचा 20 म्हणजे एनजीकेचा 6. बॉशचा 6 साधारण एनजीकेच्या 7 ला जातो, म्हणजे एक पायरी थंड. टोक 450 अंशांच्या वर गेलं तरच काजळी आपोआप जळते. थंड प्लग, त्यात फेऱ्या पाच-पाच मिनिटांच्या असतील तर तुमचं ते मखमल आलंच. डबा असेल तर बघा.

मोटारवेडा
डबा सापडला. बॉशच. रोज पोरांना शाळेत सोडून परत, इतकीच गाडी चालते माझी. बरं, आकड्यात मी फसलो. "मायलेज लगेच" एवढं तिथून खोडतो.

इरिडियम मात्र काढणार नाही. आता लाख किलोमीटर तिकडे बघायचंसुद्धा नाही.

टॅपेट
ठेवा की. निकेलच टाका असं मी म्हटलंय कुठे?

मोटारवेडा
सूर तोच होता.

काळी नखं
लाख किलोमीटर हललाच नाही तर प्लग हेडमध्ये चिकटून बसतो. म्हणून तर म्हणतो, चिमूटभर ग्रीस…

गाळलेलं तेल
परत?