रिसेसिव्ह जनुक : ‘अप्रभावी’ की ‘सुप्त’?

टाचण : नाशिक जिल्ह्यातल्या पेठ आणि सुरगाणा तालुक्यांसाठी सिकलसेलची (तांबड्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची) माहितीपत्रिका मराठीत करायची आहे. जनुकाच्या दोन्ही प्रती तशाच असल्या तरच गुण दिसतो, त्याला इंग्रजीत ‘रिसेसिव्ह’ म्हणतात. शालेय पुस्तकातला शब्द घेऊन वाक्य झालं, ‘सिकलसेलचे जनुक अप्रभावी असते.’ ऐकणारे याचा अर्थ ‘त्याचा काही परिणाम होत नाही’ असा घेतात, औषध अप्रभावी ठरलं म्हणतात तसा. ‘सुप्त’ चालेल का?

निफाडपट्टा : ‘सुप्त’ नको. सुप्त ते कधीतरी जागं होणार, असंच वाटतं. ज्याच्याकडे एकच सदोष प्रत आहे (एएस : ए निर्दोष, एस सदोष), तो माणूस आजार कधी उफाळेल या धास्तीत राहील. एएसचं पुढे एसएस (दोन्ही प्रती सदोष, म्हणजे आजार) होत नाही, जन्मतः जे असतं तेच राहतं. प्रभावी-अप्रभावी ही जोडी शाळेत रुळलेली आहे, ती मोडू नका. वाक्य सुधारा.

मूळधातू : वाटाण्यांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणाऱ्या मेंडेलने १८६६च्या निबंधात ‘रिसेसिव्ह’ हाच शब्द वापरला आणि कारणही दिलं. हे गुण संकरात मागे सरतात किंवा पूर्ण दिसेनासे होतात, आणि पुढच्या पिढीत जसेच्या तसे परत येतात. दुसऱ्या पिढीत त्याला ७८७ उंच आणि २७७ बुटकी झाडं मिळाली. बुटकेपणा दुबळा झाला नव्हता, नुसता दिसत नव्हता. म्हणून ‘मागे सरणारा’ किंवा सरळ ‘लपता’ म्हणा. ‘अप्रभावी’त ताकदीचा भाव आहे, तोच चुकीचा.

निफाडपट्टा : ‘लपता गुण’ परीक्षेत लिहिला तर गुण मिळतील का? एकाच गोष्टीला पत्रिकेत एक शब्द आणि वर्गात दुसरा झाला, तर सुरगाण्याच्या आश्रमशाळेतल्या मुलीने घरी काय समजावून सांगायचं?

काचपट्टी : सिकलसेलला नुसतं ‘अप्रभावी’ म्हणणंच अपुरं आहे. आजाराच्या पातळीवर अप्रभावी, कारण एएस माणसाला सहसा त्रास नसतो. हिमोग्लोबिनच्या पातळीवर मात्र सहप्रभावी. त्याच्या रक्तात ए आणि एस दोन्ही हिमोग्लोबिन तयार होतात, इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये (विजेच्या साहाय्याने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासणीत) दोन वेगळे पट्टे दिसतात. प्रभावी की अप्रभावी हे कोणता गुण पाहतो त्यावर ठरतं, जनुकावर शिक्का मारून ठरत नाही. रक्तगट एबी तसाच.

पत्रिकेत शब्दापेक्षा तपासणीचा घोळ निस्तरा. विद्राव्यता (सोल्युबिलिटी) या प्राथमिक चाचणीत २ मिली द्रावणात २० मायक्रोलिटर रक्त टाकतात, पाचेक मिनिटांनी नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या नाहीत तर एस आहे. पण एएस आणि एसएस दोघांचंही द्रावण गढूळ होतं, त्यामुळे पुढची इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार यंत्राने वेगळे करून मोजणारी) तपासणी झाल्याशिवाय कोणाला ‘रुग्ण’ म्हणू नये. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असतं, म्हणून चाचणी खोटी निर्दोष येऊ शकते. तीव्र रक्तक्षयातही तसंच.

टाचण : हे घेतो. मग एएसला ‘वाहक’ लिहू ना?

मूळधातू : एसटीत वाहक म्हणजे कंडक्टर आणि हिवतापात वाहक म्हणजे डास. ‘सिकलसेलचा वाहक’ ऐकून शेजारी त्याच्या ताटाला हात लावणार नाहीत. ‘एक प्रत असलेला’ लिहा.

काचपट्टी : ‘वाहक’ आरोग्य कार्यकर्त्यांच्या तोंडी बसलेला आहे. ठेवा, आणि लगेच पुढे ‘स्पर्शाने, पाण्याने पसरत नाही’ हे वाक्य जोडा. आणखी एक. दोन वाहकांचं लग्न झालं तर ‘चारांतल्या एका मुलाला आजार’ असं छापू नका. पहिलं मूल आजारी निघालं की पुढची तीन सुरक्षित, असा हिशोब लोक करतात. ‘प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता’ असं लिहा.

वाणसामान : विषय वाढवतो, पण ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ यातलं वाण म्हणजे रंग, ‘वर्ण’वरून आलेलं. संगतीने रंग लागत नाही हे म्हणीत आहेच. मग बियाण्यालाही ‘वाण’ का?

निफाडपट्टा : रंगरूपावरून जात ओळखायची म्हणून असेल. एन-५३ कांद्याला वाणच म्हणतात.

मूळधातू : पण ‘संकरित वाण’ हा शब्दप्रयोग खटकतो. वाण तो, जो बियांतून तसाच उतरतो. संकरिताचं बी धरलं की पुढच्या पिढीत गुण फुटतात, एकसारखं पीक राहत नाही.

निफाडपट्टा : सरकारी कागदांत, दुकानात, शेतात सगळीकडे ‘संकरित वाण’च चालतं. आणि तसाच उतरायचं म्हणाल तर सरळ (संकरित नसलेला) वाणही उतरत नाही, मधमाश्या शेजारचे पराग आणतात. पांढरा रंग अप्रभावी असलेल्या कांद्याच्या गोटांवर (बियाण्यासाठी लावलेल्या कांद्यांच्या फुलांवर) लालचे पराग पडले, तर पुढच्याच पिकात रंगीत कांदे दिसतात आणि भेसळ कळते. उलट लाल गोटांवर पांढऱ्याचे पराग पडले तर पुढचं पीक लालच निघतं. त्याचं बी पुन्हा धरलं की मग पांढरे कांदे निघू लागतात.

मूळधातू : म्हणजे लपलेला होता. मी तेच म्हणतोय.

निफाडपट्टा : अप्रभावी होता.

वाणसामान : हळदीकुंकवाचं ‘वाण’ तरी याच ‘वर्ण’वरून आलंय का, की ते ‘वायन’?