मदत हवी आहे: गाईच्या कानातला बिल्ला तुटला, नंबर कुठून आणू?

गोठा_संगमनेर: मंडळी, लवकर सांगा. गाईच्या कानातला बिल्ला कुंपणाच्या तारेत अडकून तुटला, कानही चिरला. बिल्ला शेणात गेला की उकिरड्यात, सापडत नाही. दवाखान्यात गेलो तर म्हणे जुना नंबर आणा. बारा आकडे कोण पाठ करतं? डेअरीचा पोरगाही तोच नंबर मागतोय. सोमवारच्या आत काम व्हायला पाहिजे.

भाकड_जनावर: बिल्ला सरकारी की विमा कंपनीचा? गाय कितव्या वेताची? गाभण आहे का?

गोठा_संगमनेर: सरकारी पिवळा, सगळ्यांचा असतो तोच. दुसरं वेत, सातवा महिना. याचा काय संबंध?

खिलार_प्रेमी: म्हणून मी कान टोचूच दिला नाही. आमच्या खोंडाच्या कानाला भोक पाडलं तर प्रदर्शनात कोण बघेल? गाय आपली, आपण तिला चेहऱ्यावरून ओळखतो. नंबर कशाला?

निवृत्त_पर्यवेक्षक: खिलारवाले, बिबट्याने खोंड नेलं की मग इथे धागा काढू नका. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ला नसेल तर सरकारी दवाखान्यात उपचार नाहीत, बाजारात खरेदी-विक्री नाही, आणि वीज पडून किंवा वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जनावर गेलं तर भरपाईही नाही.
संगमनेरकर, एक चूक करू नका. घाईत कुणी नवा बिल्ला मारून गाय 'नवीन जनावर' म्हणून चढवून देईल. तसं झालं तर कृत्रिम रेतन, गाभण तपासणी, लाळ-खुरकुताची लस, सगळं जुन्या नंबरावर राहील आणि तुमची गाय कागदावर आज जन्मलेली दिसेल. 'टॅग बदल' करून घ्या, म्हणजे नवा नंबर जुन्या नोंदीला जोडला जातो. जुना नंबर रेतनाच्या पावतीवर असेल. नाहीतर 'भारत पशुधन' या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर मालकाच्या मोबाइलवरून गाई दिसतात, त्यात बघायला सांगा.

गोठा_संगमनेर: बघितलं साहेब. माझ्या नावावर तीन गाई दिसतात, ही दिसत नाही. पावती नाही.

मालन_ताई: भाऊ, गाय घरची का विकतची?

गोठा_संगमनेर: विकतची. दिवाळीच्या आधी लोणीच्या बाजारातून आणली. गाभणच घेतली होती.

भाकड_जनावर: हे पहिल्या ओळीत लिहायला काय झालं होतं! गाय अजून आधीच्या मालकाच्याच नावावर आहे. चार महिने झोपला होता का?

गोठा_संगमनेर: बाजारात पावती फाडली, पैसे रोख मोजले. मला वाटलं झालं.

निवृत्त_पर्यवेक्षक: बाजाराची पावती वेगळी, मालकी बदल वेगळा. ती नोंद दवाखान्यातून करून घेणं पशुपालकाचंच काम आहे. आधीच्या मालकाला फोन लावा. रेतनाची पावतीही त्याच्याकडेच असेल.

दूध_हिशेब: फोन लावून काय उपयोग? आमच्या वेळी ओटीपी आधीच्या मालकाच्या मोबाइलवर गेला आणि तो फोनच उचलेना. पंधरा दिवस गेले.

मालन_ताई: आमच्याकडे ओटीपी वगैरे काही मागितलं नाही. डॉक्टरांनी दोघांना समोर उभं केलं, झालं.

दूध_हिशेब: ताई, तुमचे डॉक्टर ओळखीचे असतील. २०२४ ला लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं तेव्हा याच बिल्ल्यापायी माझ्या दोन गाई यादीतून गळाल्या. बिल्ल्याने दुधाला भाव येतो का? फॅट आमचं मोजायचं आणि कानही आमच्याच गाईचे मोजायचे.

लंडनचा_मराठी: इथे ब्रिटनमध्ये १९९६ पासून गाईला पासपोर्ट असतो. मॅड काऊ रोगाने हात पोळले होते ना! दोन्ही कानांत एकाच नंबरचे टॅग, आणि दुभत्या गाईच्या वासराला पहिला टॅग जन्मल्यापासून ३६ तासांत. एक तुटला तरी दुसऱ्यावर नंबर असतोच.

भाकड_जनावर: दादा, त्याच्या गाईला संगमनेरच्या दवाखान्यात जायचंय, लंडनला नाही.

नवी_वाट: खरा उपाय नाकाचा ठसा. माणसाच्या बोटासारखा प्रत्येक गाईचा वेगळा असतो. तो घेतला की बिल्ल्याची कटकट संपली.

निवृत्त_पर्यवेक्षक: सोमवारपर्यंत?

मालन_ताई: गाईचा विमा आहे का? असेल तर आजच कंपनीला कळवा. त्यांचं 'टॅग नाही तर क्लेम नाही' असतं. नवा नंबर पॉलिसीवर चढल्याशिवाय गप्प बसू नका. आमच्या जावेची म्हैस अशीच गेली, एक रुपया मिळाला नाही.

गोठा_संगमनेर: विमा नाही. आधीच्या मालकाचा फोन लागला, माणूस चांगला आहे, यायला तयार आहे. पावती त्याला सापडत नाही. पण गाय विकायला काढली तेव्हा त्याने व्हॉट्सॲपवर फोटो टाकले होते, त्यातला एक पाठवलाय. मोठा करून बघितला, अकरा आकडे दिसतात. शेवटच्यावर कानाचे केस आलेत. ३ आहे का ८, कळत नाही.

निवृत्त_पर्यवेक्षक: मग अडलंय कुठे? दोन्ही टाकून बघायला सांगा. ज्याच्यावर त्या माणसाचं नाव आणि गाभण संकरित गाय निघेल तो तुमचा. आधी टॅग बदल, त्याच बैठकीत मालकी बदल. त्याला मोबाइल घेऊनच आणा, ओटीपी मागितला तर पुन्हा चक्कर नको. आणि चिरलेल्या कानात नवा बिल्ला मारू देऊ नका, दुसऱ्या कानात मारायला सांगा.

दूध_हिशेब: मी ५ रुपयांबद्दल लिहिलं, त्यावर कुणीच बोललं नाही.

गोठा_संगमनेर: ८ निघाला. दोन्ही कामं झाली. डाव्या कानात नवा मारला, गाईने माझ्या पायावर पाय दिला तेवढंच. नंबर गोठ्याच्या भिंतीवर चुन्याने लिहिलाय, चारही गाईंचा. आता चिरलेला कान सुजलाय, आत काहीतरी वळवळतंय. हळद-तेल लावू का?

मालन_ताई: अहो, आळ्या पडल्यात! लावत बसू नका, जनावरांच्या सरकारी हेल्पलाइनला, १९६२ नंबरवर फोन करा. बिल्ल्याचा नंबर मागतील, भिंतीवरचा वाचा.