नेट गेलं की आपल्या हातात काय उरतं?

गूळवाला_शाहूपुरी: जून 2023 मध्ये कोल्हापुरात नेट बंद केलेलं. गाडी दारात, हमाल तयार, हमाली द्यायला रोकड नाही. यूपीआय 2016 चं, एवढ्यात गल्ला रिकामा ठेवायची सवय लागली बघा. पोरांच्या पिढीचं तर सगळंच जाळ्यावर. माणूस शहाणा होणार का परावलंबी?

चिखलीकर: भावा, 2019 च्या महापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी आम्हाला ग्रुपवरच कळायची. 39 फूट इशारा, 43 धोका. म्हशी त्याच मेसेजवर हलवल्या. धरण फुटल्याची आवईही त्याच ग्रुपवर आली, ते सोडा.

वायरवाली_ताई: देशाबाहेरचा बहुतेक डेटा उपग्रहावरून नाही, समुद्राखालच्या केबलींतून येतो, त्यातल्या काही मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात. एक वाट तुटली तर माहितीचे तुकडे दुसरीकडून जातात, रचनाच तशी आहे. पण या जाळ्यावर चालणाऱ्या सेवा मोजक्या कंपन्यांच्या हातात. मला भीती तिथं वाटते, केबलीची नाही.

गूळवाला_शाहूपुरी: मग ताई, गावाचं स्वतःचं नेटवर्क, ग्रामपंचायतीच्या ताब्यात?

चिखलीकर: आधी पाण्याची मोटर दुरुस्त करू दे त्यांना!

वायरवाली_ताई: हसू नका. गावातल्या गावात निरोप पोचवायला बाहेरचं नेट लागतच नाही. राउटर आणि बॅटऱ्या सांभाळणारं कोण, एवढं सांगा.